मानेचं ‘व्हायोलेटच्या गुच्छासह बर्थ मोरिसो’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एदुआर मानेनं १८७२ मध्ये रंगवलेल्या या छोट्या तैलचित्राबद्दल चित्रकलेचे विद्यार्थी, पॅरिसला निघालेले प्रवासी आणि नुसतेच चित्रप्रेमी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्न एका ओळीत संपतात, काहींना सवड लागते.

हे चित्र नेमकं कोणतं?

काळी टोपी, काळा पोशाख, मागे फिकट राखाडी उजेड आणि सरळ आपल्याकडे बघणारी एक तरुणी. कॅनव्हासवर तैलरंग. उंची साधारण ५५ सेंटिमीटर, रुंदी ४०. पुस्तकात ते पानभर छापलेलं असतं, त्यामुळे चित्र मोठं असेल अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात घरातल्या भिंतीवर सहज मावेल एवढंच आहे. सध्या ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

माने म्हणजेच मोने का?

नाही. क्लोद मोने म्हणजे पाण्यातली कमळं रंगवणारा. एदुआर माने त्याच्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा, जन्म १८३२, मृत्यू १८८३. दोघं एकमेकांना ओळखत होते, मानेनं मोनेला पैशाची मदतही केली होती. पण चित्रं शेजारी ठेवलीत तर घोटाळा व्हायचं कारण नाही.

चित्रातली स्त्री कोण आहे?

बर्थ मोरिसो. जन्म १८४१, म्हणजे या चित्राच्या वेळी ती एकतीस वर्षांची होती आणि माने चाळिशीत. ‘मानेची मॉडेल’ एवढीच तिची ओळख करून दिलेली बघितली की मला वाईट वाटतं. ती स्वतः चित्रकार होती. नावाजलेला निसर्गचित्रकार कोरो याच्या हाताखाली शिकलेली. पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनात, तिची चित्रं १८६४ पासून लागत होती. त्या काळी मुलींना सरकारी कला विद्यालयात प्रवेश नव्हता. त्यामुळे ती आणि तिची बहीण एद्मा खासगी शिक्षकांकडे शिकल्या आणि लूव्र संग्रहालयात जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकला करत राहिल्या. तिथेच १८६८ मध्ये फांतॅं-लातूर या चित्रकारानं तिची मानेशी ओळख करून दिली.

त्यानंतर लगेच मानेनं तिला ‘बाल्कनी’ या मोठ्या चित्रात पुढे बसवलं. ते १८६९ च्या सलोंमध्ये लागलं. स्वतःला त्यात बघून आल्यावर तिनं एद्माला लिहिलं, की आपण कुरूप नाही, पण विचित्र दिसतो आहोत. पुढच्या पाच-सहा वर्षांत मानेनं तिची दहाहून अधिक चित्रं केली. आपण बोलतोय ते त्यातलं सर्वांत साधं, आणि माझ्या मते सर्वांत खोल.

कपडे काळे आहेत, म्हणजे ती दुखवट्यात आहे का?

पुष्कळांना तसं वाटतं, कवी पॉल वालेरीलाही त्या टोपीचा काळा रंग सुतकी वाटला होता. पण तारखा वेगळं सांगतात. तिचे वडील गेले जानेवारी १८७४ मध्ये. त्यानंतर मानेनं तिचं खरोखर दुखवट्याचं एक चित्र केलं. ओढलेला चेहरा, चिंतेत गालाला टेकवलेला हात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा, फरक लगेच कळतो.

१८७२ मधला काळा हा पॅरिसमधल्या सुखवस्तू घरातल्या स्त्रीचा बाहेर पडतानाचा काळा आहे. आपल्याकडे संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेनं नेसतात, तेव्हा कुणी सुतकाचा विचार करत नाही, तसंच हे. त्यात मानेला स्पॅनिश चित्रांचं आणि स्पॅनिश पोशाखाचं वेड होतंच.

व्हायोलेटची फुलं कुठे आहेत? मला दिसत नाहीत.

दिसायला वेळ लागतो, आणि तो लागावा अशीच मानेची योजना असावी. पोशाखाचा गळा इंग्रजी ‘व्ही’सारखा खाली येतो, त्याच्या टोकाशी बघा. काळ्यावर निळसर-जांभळे चार-दोन फटकारे आहेत. पाकळी रंगवलेली नाही, देठ नाही. मोबाइलच्या पडद्यावर तर तो भाग निव्वळ काळा गोळा वाटतो. चित्राच्या नावात फुलं आहेत म्हणून आपण ती शोधतो. नाव ठाऊक नसतं तर निम्म्या लोकांना ती दिसलीही नसती.

त्याच वर्षी मानेनं या फुलांचं एक वेगळं, अगदी छोटं चित्र केलं. त्यात व्हायोलेटचा गुच्छ, एक लाल पंखा आणि एक चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर बर्थचं नाव आणि मानेची सही वाचता येते. ते चित्र त्यानं तिला भेट दिलं. व्यक्तिचित्रात जी फुलं जेमतेम आहेत, ती तिथे एकेक करून रंगवली आहेत.

एका काळ्या रंगाचं एवढं कौतुक कशासाठी?

कारण तो एक काळा नाहीच. या चित्रासमोर थोडा वेळ उभं राहिलं की टोपीचा काळा, तिच्या लोंबत्या फितींचा काळा, पोशाखाचा काळा आणि केसांचा तपकिरीकडे झुकणारा काळा हे वेगवेगळे दिसायला लागतात. कुठे रंग दाट आणि चकाकता, कुठे पातळ आणि कोरडा. फिती एका दमात ओढलेल्या आहेत. चेहऱ्याभोवती सुटलेल्या बटा बारीक ब्रशनं भराभर मारलेल्या आहेत, आणि त्यामुळे टोपीची जड कडा चेहऱ्याला टोचत नाही.

शाळेत आपल्याला काळा म्हणजे सावली असं शिकवलेलं असतं. मानेनं इथे काळ्याला रंगाचाच मान दिला आहे. लाल किंवा निळा जसा वापरावा, तसा तो वापरलाय. याच सुमारास त्याचे तरुण मित्र पॅलेटवरून काळा हद्दपार करायला निघाले होते, सावल्या निळ्या-जांभळ्या रंगवत होते. मानेनं तो सोडला नाही.

हे त्याला सुचलं कुठून, याचा माग स्पेनपर्यंत जातो. १८६५ मध्ये तो माद्रिदला गेला आणि प्रादो संग्रहालयात सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार वेलास्केझ याची चित्रं बघून थक्क झाला. वेलास्केझनं रंगवलेल्या पाब्लो दे वायादोलिद या दरबारी विदूषकाच्या चित्राबद्दल त्यानं फांतॅं-लातूरला पत्र लिहिलं. पार्श्वभूमी नाहीशी झाली आहे, काळ्या कपड्यातल्या या जिवंत माणसाभोवती फक्त हवा आहे, असा त्याचा आशय. मोरिसोच्या मागे बघा. भिंत नाही, पडदा नाही, खुर्चीही नाही. राखाडी-पांढरी हवा आहे. सात वर्षांपूर्वी बघितलेली गोष्ट त्यानं इथे पुरती पचवली आहे.

आणखी एक गोष्ट. मानेला सहसा समोरून येणारा सपाट उजेड आवडायचा. त्यानं चेहऱ्यावरच्या मधल्या छटा पुसल्या जातात, त्याच्या ‘ऑलिंपिया’ या चित्रात हे स्पष्ट दिसतं. इथे मात्र त्यानं उजेड एका बाजूनं घेतला आहे. अर्धा चेहरा लख्ख, अर्धा सावलीत. त्यामुळे या लहानशा चित्रात एकाच चेहऱ्यावर दोन भाव आल्यासारखे वाटतात.

तिचे डोळे खरंच असे काळेभोर होते?

नाही, हिरवे होते. तिच्या कुटुंबातल्यांनी हे सांगून ठेवलं आहे. मानेनं ते काळे केले, कारण चित्राला ते काळे हवे होते. टोपी आणि पोशाख यांच्यामधल्या त्या उजळ पट्ट्यात दोन काळे ठिपके नसते, तर चेहरा वितळून गेला असता.

मग त्याला वास्तववादी म्हणायचं कसं? डोळ्यांचा रंग तर त्यानं बदलला!

प्रश्न रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये वास्तववाद म्हणजे फोटोसारखं हुबेहूब चित्र नव्हे. देवदेवता, पुराणकथा आणि रोमन वीर सोडून आजचं, समोरचं आयुष्य रंगवायचं, आणि ते गोडगोजिरं न करता रंगवायचं, ही त्यामागची भूमिका होती. चित्रकार कूर्बेनं १८५० च्या आसपास खडी फोडणारे मजूर आणि गावाकडची अंत्ययात्रा भल्यामोठ्या कॅनव्हासवर आणली, तिथून हे सुरू झालं. मानेनं तो वास्तववाद शहरात आणला. कॅफे, बागा, रेल्वे स्टेशन, गणिका, भिकारी आणि मित्रमंडळी.

या व्यक्तिचित्रात मोरिसोला कुठलीही भूमिका दिलेली नाही. ती देवी नाही, वसंत ऋतू नाही, कुणाची लाडकी पत्नीही नाही. बाहेर जायचे कपडे घातलेली, विचार करणारी, आपल्या नजरेला नजर देणारी एक स्त्री आहे. १८७२ मध्ये हे पुरेसं नवं होतं.

पण संग्रहालयात तर तो इम्प्रेशनिस्टांबरोबर असतो?

असतो, कारण इम्प्रेशनिस्ट म्हणजे क्षणापुरता दिसणारा उजेड आणि रंग टिपणारे मोने आणि त्याचे सोबती, आणि ती सगळी त्याला मानणारी मंडळी. तरी १८७४ मध्ये त्यांनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा माने त्यात नव्हता, पुढेही कधी नाही. लढाई सलोंमध्येच लढायची, यावर तो अडून राहिला. मोरिसो मात्र पहिल्यापासून त्यात होती. आठपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रं लागली. एक चुकलं ते १८७९ चं, नुकतंच बाळंतपण झालं होतं म्हणून. धाडस कुणाचं जास्त, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

माने छापचित्रंही करायचा म्हणतात. त्याचा या चित्राशी काय संबंध?

फार जवळचा संबंध, आणि तरी हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो.

माने १८६२ मध्ये पॅरिसमधल्या एचिंग करणाऱ्यांच्या नव्या संस्थेचा संस्थापक सभासद होता. आयुष्यात त्यानं शंभराच्या आसपास छापचित्रं केली. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात, सुईनं त्यावर चित्र ओढतात आणि पत्रा आम्लात ठेवतात. सुईनं उघडं पडलेलं तांबं आम्ल खातं आणि रेघ खोल होते. मग पत्र्याला शाई चोळून, वरची पुसून, ओलसर कागदावर दाबयंत्रातून छाप काढतात. लिथोग्राफ म्हणजे आपली शिळाछाप. जुन्या पोथ्या आणि पंचांगं ज्या तंत्रानं छापली गेली, तेच. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, आणि तेल-पाण्याच्या वैरावर बाकीचं काम सोपवायचं. शाई फक्त तेलकट रेघेवर बसते.

मानेसाठी ही जोडधंद्याची गोष्ट नव्हती. मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनला गोळ्या घालण्याच्या प्रसंगाची त्यानं शिळाछाप केली, तेव्हा सरकारनं ती छापायला परवानगीच दिली नाही. १८७१ च्या कम्यूनमधल्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडातल्या रक्तपातावरही त्यानं दगडावर काम केलं, त्यात बॅरिकेडखाली एक मेलेला सैनिक पडलेला आहे. कॅनव्हासवर त्यानं ते कधी रंगवलं नाही.

आता मोरिसोकडे येऊ. हे तैलचित्र झाल्यावर त्यानं त्यावरून तीन छापचित्रं केली. एक एचिंग, जेमतेम तळहातात मावेल एवढं. मग दोन लिथोग्राफ, १८७२ ते १८७४ च्या दरम्यान. पहिल्या लिथोग्राफमध्ये खडू जोरात घासून काळा गच्च भरला आहे, तैलचित्रातला सगळा भार त्यात आहे. दुसऱ्यात काळा जवळजवळ काढूनच टाकला. टोपी, चेहरा, फिती, सगळं नुसत्या बाह्यरेषेत. हे दोन्ही लिथोग्राफ प्रसिद्ध झाले त्याच्या मृत्यूनंतर, १८८४ मध्ये.

लोक याला ‘प्रती’ म्हणतात, मला ते पटत नाही. प्रत काढायची असती तर एक पुरली असती. ज्या चित्राचा जीवच काळ्यात आहे असं आपण म्हणतो, त्यातला काळा काढल्यावर काय उरतं, हे त्यानं स्वतः तपासून बघितलं. उरते ती नजर. दोन थेंबांसारखे डोळे, थोडीशी तिरकी मान, आणि टोपीचा घेर. चित्रकाराला आपल्या चित्रात काय महत्त्वाचं वाटत होतं याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. तैलचित्र आवडलं असेल तर दुसरा लिथोग्राफ नक्की शोधून बघा.

त्या दोघांचं प्रेम होतं का?

पत्रांतून कौतुक दिसतं, ओढ दिसते, रुसवेही दिसतात. एव्हा गोंझालेस ही मानेची शिष्या झाली, तेव्हा मोरिसोला ते लागलं होतं, हेही दिसतं. त्यापलीकडे पुरावा नाही. माने विवाहित होता. चांगल्या घरातली मुलगी एकटी चित्रकाराच्या स्टुडिओत जात नसे, त्यामुळे बैठकींना मोरिसोची आई सोबत बसायची. डिसेंबर १८७४ मध्ये तिनं मानेच्या धाकट्या भावाशी, अजेनशी लग्न केलं. त्यानंतर मानेनं तिचं एकही चित्र केलं नाही.

मला यापेक्षा एक दुसरा प्रसंग जास्त बोलका वाटतो. १८७० च्या सलोंसाठी मोरिसोनं आई आणि बहिणीचं चित्र तयार केलं होतं. मानेचं मत विचारलं, तर तो घरी आला, ‘इथे जरा’ म्हणत घागऱ्याची कड दुरुस्त केली आणि मग थांबलाच नाही. आईच्या चेहऱ्यापर्यंत सगळं रंगवून मोकळा झाला. बाहेर चित्र न्यायला गाडी उभी होती. ती हतबल झाली, चित्र परत मिळावं म्हणून तळमळली, आणि ते सलोंमध्ये लागलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आदर आणि आक्रमण एकाच माणसात कसे नांदतात, हे या गोष्टीत आहे. प्रेमकथा शोधणाऱ्यांनी हेही वाचावं.

चित्रकार असूनही तिच्या हातात ब्रश का नाही?

मानेनं केलेल्या तिच्या कुठल्याच चित्रात नाही. पंखा आहे, फुलं आहेत, चेहऱ्यावरची जाळी आहे, हात उबेत ठेवायचा मफ आहे. ब्रश नाही. एव्हा गोंझालेसला मात्र त्यानं इझलसमोर पॅलेट घेऊन बसवलं आणि ते चित्र १८७० च्या सलोंमध्ये लावलं.

काही जण म्हणतात, मोरिसोला तो बरोबरीची मानत होता, म्हणून ब्रश दाखवायची गरज वाटली नाही. ऐकायला छान आहे, पण मला ही सारवासारव वाटते. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यवसाय नाही’ असं लिहिलं गेलं. पासीच्या दफनभूमीत तिच्या कबरीवर ‘अजेन मानेची विधवा’ एवढीच ओळख आहे. जे जगानं केलं, त्याचाच एक मवाळ भाग मानेच्या चित्रांतही आहे. चित्र थोर आहे, आणि तिचं चित्रकार असणं त्यात नाही. दोन्ही खरं आहे.

हे चित्र ओर्सेपर्यंत कसं पोहोचलं?

ते समीक्षक तेओदोर द्यूरे याच्या संग्रहात गेलं. द्यूरे हा मानेचा खंदा पुरस्कर्ता आणि भटक्या माणूस. १८७१ ते १८७३ मध्ये त्यानं जपान, चीन, जावा, सिलोन करत हिंदुस्थानापर्यंत प्रवास केला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं. मार्च १८९४ मध्ये त्याचा संग्रह पॅरिसमध्ये लिलावात निघाला. तिथे हे चित्र विकत घेतलं खुद्द बर्थ मोरिसोनं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, माने जाऊन अकरा आणि नवरा जाऊन दोन वर्षं झालेली असताना, आपलं एकतिशीतलं चित्र तिनं पैसे मोजून घरी आणलं.

याच लिलावात आणखी एक व्यवहार झाला. मोरिसोनं स्वतः रंगवलेलं, नाचाच्या पोशाखातल्या तरुणीचं चित्र फ्रेंच सरकारनं विकत घेतलं. कवी मालार्मेनं त्यासाठी खटपट केली होती. पुढच्याच वर्षी, २ मार्च १८९५ ला ती गेली.

चित्र मुलीकडे, ज्युलीकडे आलं आणि मग तिच्या सासरी, रुआर घराण्यात राहिलं. पॉल वालेरी या घरचाच जावई, मोरिसोची भाची त्याची पत्नी. १९३२ मध्ये मानेच्या जन्मशताब्दीचं मोठं प्रदर्शन पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात भरलं, तेव्हा वालेरीनं प्रस्तावनेत लिहून ठेवलं, की मानेच्या साऱ्या कामात या चित्राच्या वर आपण काहीच ठेवत नाही. १९९८ मध्ये ते ओर्सेनं घेतलं. त्यासाठी सरकारी निधीबरोबर देणगीदारांचाही हातभार लागला.

मी चित्रकलेचा विद्यार्थी आहे. याची नक्कल करायची तर सुरुवात कुठून करू?

चेहऱ्यापासून नको. आधी कोळशानं तीनच टोनमध्ये कागदावर मांडून बघा. पार्श्वभूमीचा फिकट, सावलीतल्या गालाचा मधला, कपड्याचा गडद. हे तीन जमले नाहीत तर नाक-डोळे कितीही बरोबर काढले तरी फायदा नाही.

रंगवताना ट्यूबमधला काळा तसाच फासू नका. एक काळा तपकिरी मिसळून उबदार करा, दुसरा निळा मिसळून थंड, आणि ते शेजारी ठेवा. फितींसाठी रुंद ब्रश घ्या, हात खांद्यापासून हलवा, आणि मारलेला फटकारा दुरुस्त करू नका. बिघडला तर खरवडून पुन्हा मारा. घोटत बसलात की काळा मेला म्हणून समजा. फुलं शेवटी, ओल्या काळ्यावर, थोडक्यात.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

ओर्से संग्रहालय सेन नदीकाठी, जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आहे. सोमवारी बंद असतं, गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं. संध्याकाळी गर्दी त्या मानानं कमी. गाजलेली चित्रं प्रदर्शनांसाठी परदेशी जातात, म्हणून निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र दालनात लागलेलं आहे ना, ते बघून घ्या.

आणि तिथे गेलाच आहात तर मोरिसोचं ‘पाळणा’ शोधा. तेही १८७२ चंच. झोपलेलं तान्हं बाळ, वर पातळ पांढरी जाळी, आणि त्याच्याकडे बघत बसलेली एद्मा, तीच बहीण, जिनं लग्नानंतर चित्रकला सोडली. १८७४ च्या त्या पहिल्या प्रदर्शनात ते लागलं होतं. मानेनं जेवढे काळे वापरलेत, तेवढे पांढरे तिनं त्या जाळीत वापरलेत. मोरिसोची सर्वांत जास्त चित्रं मात्र पॅरिसच्याच मार्मोतां मोने संग्रहालयात आहेत. तिथे अर्धा दिवस वेगळा ठेवा.